साठ फूट सहा इंच

पेंटर बकाराम सकाळी नऊपासून शिडीवर होता आणि आता साडेअकरा वाजत आले होते. स्कोअर लिहिणाऱ्यांसाठी बांधलेल्या नव्या खोलीच्या भिंतीवर त्यानं निळ्या रंगात ‘महाविद्यालयाचा सर्वश्रेष्ठ पिचर’ एवढं सुबक लिहून ठेवलं होतं. खाली नावाची जागा कोरी होती. दर पंधरा मिनिटांनी तो वरून विचारायचा, “नाव सांगा ना जी,” आणि खालचे लोक त्याच्याकडे असे बघायचे, जणू भांडण त्यानंच लावलंय.

सुखराम कापगतेचं डोकं उठलं होतं. सडक अर्जुनीच्या या कॉलेजात तो सव्वीस वर्षं शिपाई होता. त्याआधी इथलाच विद्यार्थी होता, आणि कॉलेजात बेसबॉल आला त्या दिवसापासून पिचरसमोर बसून चेंडू झेलणारा कॅचरही होता. पुढं संघातले कॅचर बदलत गेले, पण सरावाला कॅचर आला नाही की ग्लोव्ह घालून बसायचा तो सुखरामच. तीन काळांतले तीन मोठे पिचर त्याच्या एकाच डाव्या तळव्यानं झेलले होते. पण त्याला विचारतो कोण? सगळे आपापले मोबाईल काढून बसले होते.

माजी खेळाडूंचा मेळावा होता. तर्री-पोहे खाऊन झाले होते, चहाचा दुसरा गंज चुलीवरून उतरला होता, आणि पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतचे तीसेक बाप्ये पोट्ट्यांसारखे हमरीतुमरीवर आले होते.

“मी माह्यासाठी नाही बोलून राहिलो,” हिमांशु बिसेन चौथ्यांदा म्हणाला. तो २०१०च्या संघाचा पिचर, विद्यापीठाकडून खेळलेला. आता नागझिऱ्याच्या गेटजवळ एका रिसॉर्टचा मॅनेजर होता. पर्यटकांना रोज ठासून सांगायची सवय लागलेली, त्यामुळं त्याचं साधं बोलणंही माहितीफलकासारखं वाटायचं. “पण एका मॅचमधी तेरा जणाईले बाद केलं. व्हिडिओ हाये. टिकेशनं मागच्या साली नऊ केले. आता तुमीच सांगा मॅडम.”

टिकेश म्हणजे तिसरा उमेदवार. तो पोलीस भरतीच्या प्रशिक्षणाला गेला होता, म्हणून निदान त्याचा तरी आवाज नव्हता.

“व्हिडिओ नोको दाखवू बे,” उमेंद्र उसळला. तो पहिल्या संघातला, १९९६ ते ९८चा. “आमच्या टायमाले मोबाईल कुठी होते? लखननं या मैदानावर दोन सालांत येक मॅच नाही हारली. येक! भंडाऱ्याचे पोट्टे बॅट फिरवून मोकळे होत, मंग बॉल येत होता!”

“या मैदानावर,” हिमांशु बोट वर करून म्हणाला. “तेच तं मी म्हनून राहिलो. बाहेर काय केलं? लखनभाऊ घरचे वाघ. नागपूरले पाय लटपटले त्याईचे. हे मी नाही, सारं गाव म्हंते.”

क्रीडा संचालक रेणू मॅडमनी कपाळाला हात लावला. भिंत त्यांनी मंजूर करून आणली होती, आणि एक नाव ठरवायला दहा मिनिटं लागतील असा त्यांचा भाबडा अंदाज होता.

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो लखनलाल पटले लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता. हायवेवर त्याचा ढाबा होता, मागं धानाची चार एकर बांधी होती. दरवर्षी तो मेळाव्याला यायचा, दरवर्षी कुणीतरी ‘घरचा वाघ’ म्हणायचं आणि तो हसायचा. ते हसणं सुखरामला अजिबात सहन व्हायचं नाही.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. तेव्हा आजूबाजूला दुसरं बेसबॉलचं मैदानच नव्हतं. जे सामने व्हायचे ते इथंच, आणि इथं लखनलालसमोर कुणी टिकायचं नाही. मग अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात नागपूरला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. निघायच्या आधी लखनलाल आणि सुखराम दोघं जवळच्याच प्रतापगडावर जाऊन आले, खाली महादेवाला नारळ, वर दर्ग्यात चादर, कुणाची नाराजी नको म्हणून. आणि नागपुरात लखनलालनं ओळीनं सहा जणांना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं. एकेकाला चार-चार चेंडू बाहेर. सगळे वर, खांद्याच्या वीतभर वर. निवड करणाऱ्या साहेबांनी सातव्या बॅटरची वाटच पाहिली नाही. परतीच्या एसटीत लखनलाल एवढंच म्हणाला होता, “बॅटवाला अंगावर आल्यासारखा दिसून राहिला होता रे.” मागच्या सीटवर बसलेल्या उमेंद्रनं ते ऐकलं, कॉलेजात सांगितलं, आणि लखनलाल घाबरला यावर कायमचं शिक्कामोर्तब झालं.

नुसत्या चेष्टेवर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण लखनलालनं ते स्वतःच खरं मानलं. पोलीस भरतीची धावणी पास झाला आणि मुलाखतीला गेलाच नाही. गावानं सरपंचपदाला उभं केलं, तर अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी तहसीलला जाऊन मागं घेऊन आला. “आपल्याच्यानं नाही होत बावा. ऐनवेळी माहे हातपाय गळतात, मले मालूम हाये ना,” असं तो शांतपणे सांगायचा. एखाद्यानं आपल्याला शुगर आहे असं सांगावं तसं.

सुखरामला खरं काय ते ठाऊक होतं आणि तो मूग गिळून बसला होता.

“लिहा ना जी नाव,” बकाराम शिडीवरून म्हणाला. “माहे पाय भरून आले.”

“लखनभाऊ, तुम्हीच सांगा,” रेणू मॅडम वैतागून म्हणाल्या. “तुम्हाला काय वाटतं?”

लखनलालनं कप खाली ठेवला. “हिमांशुचं लिहा मॅडम. त्याच्यात दम होता. मी त नागपूरले भेलो होतो. ज्याले भेव वाटते त्याचं नाव कायले लिहाचं भिंतीवर?”

कुणीतरी हसलं. उमेंद्रनं हात झटकले. हिमांशुनं मान झुकवून आभार मानल्यासारखं केलं. बकारामनं ब्रश बुडवला.

“थांब!” सुखराम ओरडला. एवढ्या जोरात, की बकारामच्या हातून डबा सुटता सुटता राहिला. “येक अक्षर लिहू नोको. बस झालं तुमचं. सकाळपासून कान किटले माहे. मॅडम, टेप काढा.”

“कसला टेप?”

“मोजाचा.”

तो तडक होम प्लेटपाशी गेला. तिथून पिचर उभा राहतो ती रबरी पट्टी सगळ्यांना दिसत होती, साठ फूट सहा इंचांवर, नियमात असते तिथंच. सुखराम तिच्यावरून पुढं चालत गेला, बागकामाच्या सब्बलीनं गवत खरवडलं, माती उकरली. वीतभर खाली सिमेंटचा एक चौकोनी गट्टू निघाला. त्यात दोन गंजके बोल्ट होते.

“इथून मोजा.”

रेणू मॅडमनी टेप धरला, हिमांशुनं दुसरं टोक. आकडा आला सहासष्ट फूट.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

सुखरामचा राग ओसरला होता आणि आता नुसती लाज उरली होती. त्यानं लखनलालकडे न बघता सांगायला सुरुवात केली.

“शहाण्णवमधी मोठे सर बेसबॉल घेऊन आले. मले म्हणे, सुखराम, मैदान आख. मी शिकता शिकता इथंच रोजीवर होतो. इथं किरकेटची पिच होती. स्टंपाचे खड्डे तयारच होते दोन्हीकडे. मले वाटलं, बॉल फेकणं दोन्हीकडे सारखंच, अंतर बी सारखंच असंल. येका खड्ड्यावर होम प्लेट ठोकली, दुसऱ्यावर पिचरची पट्टी. बावीस यार्ड. सरानं म्हटलं, छान.”

हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

“लखनचा हात दोन साल सहासष्टवर बसला. रोज दीडशे-दीडशे बॉल. बाहेरचे पोट्टे आपापल्या गावी साठ फूट मोजून सराव करून येत, बॉल पोचाच्या आधी बॅट फिरवून बसत. म्हनून आपन जिंकत होतो. अन् नागपूरले लखनले साठवर उभं केलं. बॉल वर नाही जाईल तं काय होईल? बॅटवाला अंगावर आल्यासारखा दिसंन नाही तं काय? तो होताच ना साडेपाच फूट जवळ!”

सुखराम कोहळी समाजातला. त्याच्या आजा-पणजांनी नुसत्या नजरेनं उतार हेरून तलावांच्या पाळी बांधल्या, असं सगळा तालुका कौतुकानं सांगायचा. अशा माणसाचा नातू कॉलेजच्या मैदानात साडेपाच फूट चुकला होता, आणि तेही हातात नियमाचं पुस्तक असताना. ते इंग्रजीत होतं म्हणून त्यानं उघडलं नव्हतं.

सर्वात आधी वाचा फुटली ती हिमांशुला. “म्हंजे पहा मॅडम, हे त अजूनच सोपं झालं. घरच्या मैदानावरच्या साऱ्या मॅचा रद्द. अंतरच चुकीचं होतं.”

“रद्द कशा बे?” उमेंद्र धावून आला. “सहासष्टवरून स्ट्राईक टाकून दाखव तू! हे त दुप्पट धरा लागते!”

“दुप्पट कोन्या नियमानं?”

“अरे गप्प बसा हो तुम्ही दोघंही!” रेणू मॅडमचा बांध फुटला. “समोर माणूस बसलाय, त्याच्याकडे तरी बघा!”

लखनलाल उठून उभा राहिला होता. तो त्या सिमेंटच्या गट्टूपाशी आला, त्यावर एक पाय ठेवला, होम प्लेटकडे बघितलं. मग साडेपाच फूट पुढं, आताच्या पट्टीवर जाऊन उभा राहिला आणि पुन्हा बघितलं. असं त्यानं दोनदा केलं.

“मी भेलो नोहतो,” तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. “मले तवाच वाटलं होतं, माही छाती धडधडून नाही राहिली. हात बी सुका होता. मंग मीच म्हटलं, येवढे लोक म्हणून राहिले त भेलोच असंन.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. सुखरामला इतकं हलकं वाटलं की त्यालाही रडू फुटलं. आपण हे बोलून टाकलं, आता सगळं निस्तरलं, असं त्या क्षणी त्याला अगदी मनापासून वाटलं.

“सुखराम,” लखनलालनं विचारलं, “तुले कधी मालूम झालं?”

खोटं सांगता आलं असतं. मागच्या महिन्यात गवत काढताना दिसलं म्हणाला असता, तरी कुणी शंका घेतली नसती.

“दोन हजार सहाले. खेळाचे नवे सर आलते, त्याईनं टेप लावला अन् पट्टी साठवर आनली. मी म्हटलं, मुरूम टाकताना पट्टी सरकली असंल. मी कायम व्हाची फाईल तवाच वर गेली होती. वाटलं, कोनी म्हंतील, याले मैदान बी आखता येत नाही. मंग फाईल पास झाली. तवा सांगतो म्हटलं. मंग तुले काय वाटंल म्हनून नाही सांगतलं. मंग बहुतच दिवस झालते.”

“दोन हजार सहा.”

“हो.”

“सरपंचाचा फारम मी दोन हजार दहाले वापस घेतला. तू होता माह्यासंगं. तहसीलमधी. माह्याच गाडीवर बसून आलता.”

“हो.”

“मी तुले म्हटलं, माह्यात हिंमत नाही. तू काय म्हटलं?”

काय म्हटलं होतं ते सुखरामला लख्ख आठवत होतं. ‘जाऊ दे ना,’ म्हटलं होतं.

लखनलाल भिंतीकडे वळला. “पेंटर, हिमांशु बिसेन लिहा. त्याचं बराबर हाये. तो साठवरून खेळला, जिथं साऱ्या दुनियेनं खेळाचं असते.” मग तो सुखरामजवळ आला, इतका जवळ की सुखरामला त्याच्या श्वासातला चहा जाणवला. मारेल की काय, असं रेणू मॅडमना वाटलं आणि त्या एक पाऊल पुढं सरकल्या.

पण लखनलालनं आवाजही चढवला नाही.

“नागपूरले मी नाही भेलो. भेला तू. येकोणीस साल भेत राहिला, अन् नाव माहं चाललं.”

त्यानं लिंबाखालून गाडी काढली आणि फाटकातून हायवेला लागला. बकाराम शिडीवर ब्रश धरून तसाच थांबला होता. सुखराम सिमेंटच्या गट्टूपाशी खाली बसला. लखनलाल जे बोलून गेला त्यावर त्या दिवशी मैदानावर कुणीच वाद घातला नाही.