माझ्या छातीतली मऊ स्प्रिंग

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे, पण चौकातला नव्हे. मला हात नाहीत, पाय नाहीत. डोकं आणि छाती एवढाच माझा संसार. एखाद्याचं हृदय अचानक बंद पडलं, तर मदत येईपर्यंत त्याची छाती कशी दाबत राहायची, हे माणसांनी माझ्यावर शिकायचं.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मला आणलं. माझ्या छातीत कडक स्प्रिंग होती. छाती चांगली पाच सेंटिमीटर खाली गेली, की आतून 'टक्' वाजायचं. वाजलं की पास. शिकवायला येणाऱ्या निवृत्त नर्सबाई भल्याभल्यांना घाम फोडायच्या. "गोंजारताय काय त्याला? कोपर ताठ ठेवा, अंगाचा भार टाका!" फोरमन मामा मला रोज पुसायचे आणि विचारायचे, "काय पैलवान, बरगड्या शाबूत ना?" मला त्यांचा फार लळा लागला होता.

पुढे बाई यायच्या थांबल्या. अशातच तपासणी येणार असं कळलं, आणि निम्मे कामगार तर नापास. मॅनेजरसाहेब मामांना म्हणाले, "सगळे पास दिसले पाहिजेत. बघा काहीतरी." मामांनी पाना घेतला, माझी छाती उघडली आणि कडक स्प्रिंग काढून मऊ बसवली. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी नुसता तळवा टेकला तरी मी वाजत होतो. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. माझ्याकडून खोटं वदवून घेतलं, तेही माझ्याच माणसानं!

चार महिन्यांनी, ऐन दुपारी, मामा माझ्या कपाटासमोरच कोसळले. हाक मारली तरी ओ नाही, श्वास नाही. मऊ स्प्रिंग बसवल्यावरच माझ्यावर शिकलेल्या पॅकिंगमधल्या ताईंनी एकाला ॲम्ब्युलन्ससाठी फोनकडे पिटाळलं आणि लगेच गुडघे टेकून छाती दाबायला घेतली. न डगमगता, न थांबता, अगदी माझ्यावर शिकल्या तशी. हळुवार. मी काचेआडून पाहत होतो. जोरात दाबा, असं मला ओरडायचं होतं. पण मला आवाज एकच, आणि तोही खोटा.

ॲम्ब्युलन्समधला माणूस धावत आला. "अहो ताई, एवढ्यानं काय होतंय? छाती खाली जायला हवी!"

"पण पुतळ्यावर एवढंच पुरायचं हो," ताई म्हणाल्या.

मामा परत आले नाहीत.

आठवड्यानं ताई एकट्या आल्या. मला जमिनीवर ठेवून त्यांनी छातीवर दोन बोटं टेकवली. मी वाजलो. "मेल्या, मग मला शाबासकी कशाला दिलीस?" म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

मित्रांनो, मामांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि त्यांची आठवणही जात नाही. चूक ताईंची नव्हती, हे त्यांना कुणीतरी सांगा. माझी कडक स्प्रिंग स्टोअरमध्ये खिळ्यांच्या डब्यात पडली आहे. ती परत बसवा. मग माझ्यावर खुशाल नापास व्हा, दहा वेळा व्हा. मी काही मरत नाही.