झालरीखालचा डोळा

भाच्याच्या लग्नाला आटपाडीहून इस्लामपूरला आलेल्या राहीबाईला वरातीत तिची जुनी घोडी, चांदी, दिसली. मेंढरांमागं फिरताना तिनंच ही पांढरी घोडी लहानाची मोठी केली होती. पुढं ती वीरधवलला विकली. तो लग्नांना घोडे द्यायचा.

राहीबाईनं हाक मारली. घोडीनं कान टवकारले आणि सगळी मान वळवून उजव्या डोळ्यानं पाहिलं. डावा डोळा कलाबतूच्या झालरीखाली झाकलेला होता. जवळ गेल्यावर अत्तरातूनही घाण वास आला. राहीबाईनं झालर उचलली. पापणीच्या जागी लाल, चिघळलेलं मांस वर आलं होतं.

"हे काय रं, वीरधवल?"

"काडी लागलीया आक्का. मलम चालू हाय. वरात तेवढी हू द्या."

"वरात हितंच थांबंल."

घोडीवर बसलेल्या नवरदेवानं, कुणालनं, वाकून पाहिलं. "मावशी, मी उतरतो," म्हणाला आणि मांडवापर्यंत चालत गेला.

सकाळी वीरधवलच्या तबेल्यात जनावरांच्या डॉक्टर शिवांजली आल्या. त्यांनी घोडी लगेच ओळखली.

"गेल्या उन्हाळ्यात हिला बघितलं होतं मी. पापणीवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती. कॅन्सर वाटतोय, लगेच काढू, असं सांगितलं होतं ना?"

"लगीनसराई हुती मॅडम. टाके घातलेला घोडा कोण घेतंय वरातीला?"

डॉक्टरांनी चांदीच्या जबड्याखाली हात फिरवला. तिथं दगडासारखी गाठ होती. "डोळ्यामागच्या हाडात शिरलाय, इथंही उतरलाय. आता डोळा काढूनसुद्धा ही वाचायची नाही."

"बाकीच्या घोड्यांना लागंल का?" वीरधवलनं विचारलं.

"एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तिच्याच अंगात पसरतो."

राहीबाईचा आवाज चढला. "पयला सवाल ह्यो सुचला व्हय तुला? चारा सोडला तिनं, हाडं वर आली, तवा दिसलं न्हाई? सडका डोळा झाकून, कानाशी बँड वाजवून मिरवलीस तिला. इकली म्हंजे हाल करायला दिली न्हवती मी."



दुपारी डॉक्टरांनी चांदीला शेवटचं इंजेक्शन दिलं. राहीबाई तिच्या उजव्या बाजूला उभी होती, तिला दिसेल अशी. घोडी पडल्यावरही ती शेजारी बसून बराच वेळ मानेवरून हात फिरवत राहिली.

मग उठून तिनं तबेल्यातल्या दुसऱ्या पांढऱ्या घोड्याकडं बोट केलं. "ह्याचंबी डोळं बघा. माझ्यादेखत."

डॉक्टरांनी पापणी उलटली. आत बारीक गुलाबी फोड होता. "पांढऱ्या घोड्यांची कातडी गोरी, ऊन बाधतं. हे आत्ता काढलं तर घोडा वाचेल."

"परवा फलटणच्या वरातीची सुपारी घेतलीया," वीरधवल पुटपुटला.

"फोन करून न्हाई म्हणून सांग. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं फोन लावला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. तोवर राहीबाई आटपाडीला गेली नाही. वीरधवलच्या बायकोनं दोनदा चहा आणून ठेवला. राहीबाईनं कपाला हात लावला नाही.