नामू न म्हणणारी तेनेबा

सोनकोया गावात कुणी चारचौघांत बोलायला उभं राहिलं की त्याच्या दर वाक्यामागे एकानं 'नामू' म्हणायचं असतं. ऐकलं, असा हुंकार. हुंकार मिळाला तर ते बोलणं गावाचं झालं. नाही मिळाला तर बोलणाऱ्यानं नुसतं आपलं तोंड दुखवून घेतलं. पूर्वी हे काम तेनेबाचा नवरा करायचा. तो युद्धात मारला गेला आणि त्याच्या तोडीचा खणखणीत आवाज गावात एकट्या तेनेबाचा उरला. बाईमाणूस नामू म्हणणार म्हणून म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण तिच्यापुढे कुणाची डाळ शिजली नाही.

त्या दिवशी सावरीच्या झाडाखाली बैठक भरली होती. राजधानीतून सरकारचा माणूस मोर्लाई कार्गबो आला होता, भर उन्हात कोट घालून. त्यानं मुखिया याल्मामीच्या हातात आधी मानाच्या म्हणून कोलाच्या बिया ठेवल्या आणि मग विटेएवढा जाड अहवाल ठेवला. सरकारनं युद्धाची चौकशी केली होती, त्याचा हा अहवाल. तेनेबाची साक्षही त्यात होती. सैनिकांनी शाळेत दारूगोळा ठेवला, म्हणून बंडखोरांनी शाळेवरच हल्ला केला, आणि आत पोरं होती. त्यांत तिची धाकटी लेक होती. ती साक्ष देताना समोर बसलेला, दर वाक्याला नामू म्हणणारा पोरगेला दुभाषी म्हणजे हाच मोर्लाई. तेव्हा तो तिच्याबरोबर रडलाही होता.

"गावकऱ्यांनो," मोर्लाई म्हणाला, "देशानं त्या युद्धातून धडा घेतलाय."

"नामू," तेनेबा म्हणाली.

"यापुढं शाळेत सैन्य राहणार नाही, असं यात छापलंय."

"नामू!" या वेळी तिचा आवाज पार विहिरीपर्यंत गेला. तिची नात सारान आता त्याच शाळेत जात होती.

मोर्लाईनं कपाळाचा घाम पुसला. "पण सरहद्दीवर पुन्हा गडबड सुरू झालीय. म्हणून एक तुकडी इथं राहील, पावसाळ्यापर्यंत. पक्की इमारत गावात एकच आहे. तेव्हा तेवढ्यापुरतं... शाळेतच."

तेनेबा गप्प. मोर्लाई थांबला, खाकरला, पुन्हा तेच वाक्य म्हणाला. ती गप्पच.

"अगं, घसा बसला का तुझा?" याल्मामीनं दबक्या आवाजात विचारलं.

"घसा ठणठणीत आहे, मुखियाबाबा. घास गिळण्याजोगा नाही."

"आजी, वरून हुकूम आहे," मोर्लाई म्हणाला. "माझ्या हातात काय आहे?"

"आत्ता एवढं जाडं पुस्तक होतं की!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मोर्लाईचा चेहरा उतरला. "अहवाल एका खात्याचा असतो, आजी. सैन्य दुसऱ्या खात्याचं."

"आणि लेकरं कुठल्या खात्याची रे?"

याल्मामी हवालदिल झाला. हुंकाराशिवाय बैठक मोडता येत नाही, बैठक मोडल्याशिवाय पाहुण्याला जेवू घालता येत नाही, आणि कसाव्याच्या पाल्याचं कालवण तर कधीचं निवत होतं. तो हात जोडायच्या बेतात होता, तेवढ्यात शाळेकडून धप्प, धप्प असे आवाज आले. तिथं उभ्या ट्रकमधून सैनिक पेट्या उतरवत होते. तेनेबाला सगळा उलगडा झाला. हे विचारायला आलेच नव्हते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठली आणि तरातरा शाळेकडे निघाली.

पोरं पाट्या छातीशी धरून बाहेर उभी होती. तेनेबा शाळेच्या दारात बसली आणि तिनं पाय लांब पसरले. त्या मुलखात वडीलधाऱ्या बाईचे पाय ओलांडणं म्हणजे आपल्याच आईच्या शिव्याशापांना आमंत्रण. पेटी घेऊन आलेल्या दोघा सैनिकांनी ती जागच्या जागी खाली ठेवली.

"म्हातारे, ऊठ," हवालदार खेकसला.

"तू जा की ओलांडून. घरी जाऊन आईला सांग म्हणजे झालं."

हवालदारानं सैनिकांकडे पाहिलं. सैनिक आपापल्या बुटांकडे बघत होते. तोवर गावातल्या बायका एकेक करत पायऱ्यांवर येऊन बसल्या होत्या. मागून मोर्लाई धापा टाकत आला.

"आजी, मी शब्द देतो. परत गेलो की सगळं वरिष्ठांना लिहून कळवतो. पुढच्या अहवालात ही गोष्ट नक्की..."

"पुढचा अहवाल पुढची पोरं मेल्यावरच निघणार ना?"

तेनेबाला मोर्लाईची कीव आली, रागही आला. हे पोरगं वाईट नव्हतं. त्यानं तिचा शब्द न् शब्द ऐकला होता, खरा ऐकला होता, आणि तरीही आज हा कोट घालून तो इथे उभा होता.

"लिहू नकोस, मोर्लाई," ती म्हणाली. "पेटी उचल."

मोर्लाईनं कोट काढून कुंपणावर टाकला आणि दारापुढच्या पेटीचं एक टोक धरलं. पेटी जड होती, ती एकट्यानं हलेना.

"साहेब, नोकरी जाईल तुमची," हवालदार म्हणाला. "आणि आम्ही राहायचं कुठं?"

"ओढ्यापलीकडं माझं शेत मोकळं आहे," मागून याल्मामी म्हणाला. "तिथं तंबू ठोका. पाणीही जवळ आहे."

हवालदारानं एक शिवी हासडली. कुणाला, ते कळलं नाही. मग त्यानं पेटीचं दुसरं टोक धरलं.

शेवटची पेटी ट्रकमध्ये चढली तेव्हा मोर्लाईचा सदरा घामानं चिंब झाला होता. तो तेनेबासमोर उकिडवा बसला. "आज जमलं, आजी. उद्या माझ्या जागी दुसरा येईल. त्यानं अहवालाचं पानही उलटलेलं नसेल."

"माहीत आहे मला."

"मग?"

तेनेबानं सारानला जवळ बोलावलं आणि दंडाला धरून आपल्या शेजारी उंबऱ्यावर बसवलं.

"पाय लांब कर," ती म्हणाली. "आणखी. दार अडलं पाहिजे."