भासऱ्यांचा हात

जगदेवी, माझी धाकटी जाऊ, माझ्याहून देखणी होती, आणि ते मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्यात ती सोलापूरची. आजारी आईपाशी दवाखान्यात राहून आलेली, म्हणून घरात कुणी शिंकलं तरी सगळे तिचं तोंड बघत. एक बरं होतं. भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायची आमच्यात रीत नव्हती. त्यामुळं माझे मालक तरी तिच्या शहाणपणातून सुटले होते.

त्या दुपारी तेरच्या आमच्या गुऱ्हाळावर गुळाची काहील उतरवताना दांडी निसटली आणि उकळता पाक मालकांच्या उजव्या हातावर पडला. मी तूप आणि विभूती आणायला धावले. येऊन बघते तर जगदेवीनं त्यांचा कोपर धरलेला, घागरीनं हातावर पाणी ओतते आहे, डोईवर पदर नाही. माझ्या बापानं लग्नात घातलेलं चांदीचं कडं तिनं त्यांच्या मनगटातून काढून चिखलात टाकलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सोड त्यांना. विभूती लावू दे.”

“न्हाय अक्का. राख न्हाय, तूप न्हाय, निस्तं गार पाणी. चिकटलेला पाक बी ओढू नका. हात सुजल्यावर कडं रुतलं असतं.”

तिनं मला हात लावू दिला नाही. मग मी विभूती त्यांच्या कपाळाला लावली. घागरीमागून घागरी रिकाम्या झाल्या. शेवटी मालक म्हणाले, “मधी आता काईच दुखंना.”

विभूतीचा गुण! मी तोऱ्यात जगदेवीकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. हाताची कातडी मधोमध पांढरी, चामड्यासारखी दिसत होती.

“दुखत न्हाय म्हंजे कातडं आतपतुर जळालंय, अक्का. धाराशिवला न्यायला पायजे, आत्ताच.”

“बऱ्या झालेल्या माणसाला गाडीत कशाला हादरवायचं?” मी म्हणाले. मला ते माझ्यापाशी, घरात हवे होते.

तेव्हा ती सरळ भासऱ्यांशीच बोलली. “हात ऱ्हावा वाटत असंल तर उठा तुमी.”

आणि ते उठले. माझ्या शब्दाला ते इतक्या मुकाट्यानं कधी उठले नव्हते. तिनं धुतलेलं धोतर हातावर सैल गुंडाळलं, धाकट्या दिरानं, तिच्या नवऱ्यानं, महारुद्रनं, गाडी जुंपली आणि आम्ही चौघं निघालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात उलटापालटा करून पाहिला, मनगटावरची कड्याची खूण निरखली. “घरपे बैठते तो हाथ जाता था. पानी किसने डाला? कडा किसने निकाला?”

मालक घुटमळले. भावजयीनं हात धरला, हे परक्या माणसाला कसं सांगायचं? तेही महारुद्रसमोर.

“घरवाली ने,” ते म्हणाले.

“शाबास, बाई,” डॉक्टर मला म्हणाले. जगदेवी पदर ओढून भिंतीशी उभी होती. मी मान हलवली. हात वाचला याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण ‘घरवाली’ म्हणताना मालकांनी बघितलं होतं जगदेवीकडं.