दहा एकोणसाठची जेवणाची सुट्टी

वॉल्टर आजोबा पडले त्याला आज तिसरा दिवस, आणि तीन दिवसांत मारिविकच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोच्या ज्या वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांची सेवा करायची, तिथे सरकारी तपासनीस बाई सकाळीच येऊन बसली होती. टकाहाशी तिचं नाव. छोट्याशा ऑफिसचं दार लावून ती एकेकाला आत बोलवत होती. आधी सकाळपाळीची तिची जोडीदारीण ग्रासिएला, मग मारिविक.

मॅम रोवेना, म्हणजे तिथली व्यवस्थापक, हिने मारिविकला औषधांच्या खोलीत गाठलं.

"हे बघ, तुझी नोंद स्वच्छ आहे. दहा एकोणसाठला तू जेवायला गेलीस. अकराला म्हातारा पडला. तू तिथे नव्हतीसच. विषय संपला."

"पण मॅम, मी तर..."

"तू काय? एकोणीस वर्षं ही माणसं सांभाळतेयस, डोकं कुठे ठेवून आलीस? हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. विचारलं तर म्हणायचं, जेवायला गेले होते. बास!"

आता हे जेवायला जाणं म्हणजे काय, ते त्या घरातल्या चौदा म्हाताऱ्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पाच तास भरायच्या आत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी द्यायलाच हवी, असा कॅलिफोर्नियाचा कायदा. कायदा सोन्यासारखा आहे, त्याला कोण नावं ठेवतंय! पण चौदा म्हातारी माणसं आणि सकाळपाळीला बायका दोन, तर जेवायला कोण जाणार, तुमचा कायदा? मारिविकची पाळी सहाला सुरू व्हायची. पावणेअकराला, आठ महिन्यांपूर्वी भिंतीवर लावलेला हजेरीचा टॅब पिवळा पडायचा आणि अकराला लाल. लाल झाला की मुख्य कचेरीतून रोवेनाला फोन, आणि रोवेनाच्या तोंडचा पट्टा या दोघींवर. म्हणून मारिविक अकराच्या आत पळत जाऊन "जेवायला" हे बटण दाबायची, आणि आल्या पावली पुन्हा कामाला लागायची. अर्ध्या तासाने "परत आले". दुपारी निघताना टॅब सभ्यपणे विचारायचा, आज तुम्हाला पूर्ण सुट्टी मिळाली का? ती "हो" दाबायची. "नाही" दाबलं तर पुढे का, कुणामुळे, कितीदा असे प्रश्न यायचे. कुणाला हवीये ती डोकेदुखी?

बटण दाबताना ती मोठ्याने ओरडायची, "चालले गं मी जेवायला!" आणि ग्रासिएला असेल तिथून ओरडायची, "माझ्या नावाने एक घास घे, आते!" ग्रासिएला मेक्सिकोची, पण मारिविकसारखी फिलिपिनो माणसं थोरल्या बहिणीला आते म्हणतात हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती. रोजची थट्टा. दोघी हसायच्या आणि डब्यातला भात दुपारी बसस्टॉपवर खाल्ला जायचा.

त्या दिवशी मारिविक वॉल्टर आजोबांना दंडाला धरून संडासाकडे नेत होती. मिसेस पेट्रोव्ह यांना आंघोळ घालायला ग्रासिएला न्हाणीघरात. मारिविकच्या खिशातला फोन थरथरला. रोवेनाचा निरोप होता, "दोन मिनिटं राहिली! आज लाल झालं तर बघ." टॅब दहा पावलांवर. तिने आजोबांचे दोन्ही हात भिंतीच्या दांडीवर ठेवले, म्हणाली, "घट्ट धरा हं, आलेच," आणि पळाली. बटण दाबलं, सवयीने ओरडलीसुद्धा. न्हाणीघरातून उत्तर आलं. ती वळली तोवर आजोबा जमिनीवर होते. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना विचारून उपयोग नव्हता, आपण कुठल्या सालात आहोत हेही त्यांना सांगता येत नव्हतं. ग्रासिएला साबणाच्या हातांनी धावत आली तेव्हा मारिविक त्यांच्यापाशी गुडघे टेकून बसलेली होती. रोवेनाने अहवाल लिहिला, पडताना कुणी पाहिलं नाही.

आता उरली एकटी ग्रासिएला. तिची पाळी सहाच तासांची. एवढ्या पाळीला सुट्टी नको असेल तर तसं लिहून देता येतं, आणि तिने नोकरीच्या पहिल्याच दिवशी दहा कागदांबरोबर त्यावरही सही ठोकली होती. म्हणजे नोंदीप्रमाणे अकरा वाजता मारिविक जेवत होती आणि कामावर होती फक्त ग्रासिएला. आजोबांना वाऱ्यावर सोडलं ते तिनेच. असा ठपका बसला की सेवेचं प्रमाणपत्र गेलं, आणि राज्यात कुठेही पुन्हा म्हाताऱ्या माणसाला हात लावायची परवानगी नाही. जिच्यावर बसेल तिचं आयुष्यातलं काम संपलं.

रोवेना निघून गेली तशी मारिविक बाहेरच्या बाकावर येऊन बसली. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर न खाल्लेलंच खवखवत होतं. आज सांगू, उद्या सांगू करत तीन दिवस गेले होते. या कामाशिवाय तिला दुसरं येत तरी काय होतं? पन्नाशी उलटलेल्या बाईला कोण शिकवणार?

दार उघडलं. ग्रासिएला बाहेर आली. डोळे सुजलेले.

"काय विचारलं?" मारिविक म्हणाली.

"सगळं. मी सांगून टाकलं, आते."

"काय सांगितलंस?"

"चूक माझी म्हणून. तू ओरडून सांगितलं होतंस ना, जेवायला चालले म्हणून! मी ओसुद्धा दिली. मला वाटलं, नेहमीची थट्टा. नोंद बघितली तेव्हा कळलं, तू त्या दिवशी खरंच गेली होतीस, आणि आवाज ऐकून जेवण टाकून माझ्याआधी धावत आलीस. आठ महिन्यांत एकदा ही बाई दोन घास खायला बसली, आणि मला अर्धा तास लक्ष ठेवता आलं नाही." तिला हुंदका आला. "तीन रात्री डोळा नाही लागला. ते पडल्याचा आवाज मी ऐकलाच नाही, पण रोज रात्री ऐकू येतो. मला माफ कर, आते. तुझं जेवण मी नासवलं."

सुसमारियोसेप, देवा रे! मारिविकला वाटलं होतं, ही पोर नुसती नोकरीला घाबरलीये. ती तर मनातून खरीच गुन्हेगार होऊन बसली होती. आणि हे पाप आपलं. रोवेनाचं नाही, यंत्राचं नाही, आपलं.

"मारिविक पांगिलिनान," आतून हाक आली.

टकाहाशी बाईने छापील कागद पुढे सरकवला. "दहा एकोणसाठ ते अकरा एकोणतीस तुम्ही जेवणाच्या सुट्टीवर होतात. बरोबर?"

'हो' हा एवढासा शब्द. आठ महिने ती तो रोज बोटाने म्हणत आली होती. आज तो तोंडाने म्हणायचा होता.

"नाही," ती म्हणाली.

बाईने मान वर केली.

"मी तिथेच होते. वॉल्टरना मीच धरलं होतं. टॅब लाल होईल म्हणून त्यांना दांडीशी उभं केलं आणि बटण दाबायला पळाले. ते माझ्या हातून पडले. ग्रासिएलाचा काही संबंध नाही. मी आठ महिन्यांत एकदाही जेवायला गेलेली नाही."

"मग रोज 'हो' का दाबलंत?"

"दाबायला सोपं होतं."

बाई बराच वेळ लिहीत राहिली. फोनवर आलेला रोवेनाचा निरोप तिने स्वतः वाचला, त्याचा फोटो घेतला आणि रोवेनाला आत बोलावून सगळ्यांच्या नोंदी काढून ठेवायला सांगितलं. मग सरळ सांगितलं, निकाल लागेपर्यंत मारिविकने कुठल्याही रहिवाशाच्या सेवेत राहायचं नाही. रोवेनाची पाचावर धारण बसली होती, पण मारिविकने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उलट छातीवरचा धोंडा उतरल्यासारखी ती बाहेर आली. आता ग्रासिएला गळ्यात पडेल, रडेल, आपणही रडू, असं तिच्या मनात आलं. ती बाकावर बसली आणि सगळं सांगून टाकलं, दांडीपासून बटणापर्यंत.

ग्रासिएलाने ऐकून घेतलं. रडली नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"काल मी डिशेस धुताना रडत होते, तू पाठीवरून हात फिरवलास. तेव्हाही?"

"हो," मारिविक म्हणाली.

आतल्या खोलीतली घंटा वाजली. कुणाला तरी उठायचं होतं. मारिविक सवयीने अर्धी उठली.

"बस," ग्रासिएला म्हणाली. "तू नको कुणाला हात लावूस."

आणि ती एकटीच आत गेली.