पेठेतले न झालेले सामने

मंजुषाने पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. विभागीय आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल समितीची बैठक तासभर चालली होती आणि प्रश्न जागचा हलला नव्हता: विजेता गुणतक्त्यावरून ठरवायचा, की पहिल्या चार संघांत बाद पद्धतीचा प्लेऑफ घ्यायचा? एकाच संघाचे नाव विद्यापीठाकडे जाणार होते. बाकीच्यांचे वर्ष तिथेच संपणार होते. मते दोन-दोन पडली होती. पाचवे तिचे होते.

तक्त्यामागचे सूत्रही तिचेच. ती संख्याशास्त्र शिकवीत असे.

"एका सामन्यावरून संघाची पारख होत नाही," ती म्हणाली. "पंचाची एक चूक पुरते. हंगामभराची सरासरी अधिक विश्वासार्ह."

"सरासरीला पाय नसतात, मॅडम," घाटावरच्या पेठ गावातल्या महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक नवनाथ म्हणाले. "एकदा खेळवून तर बघा."

"नवनाथराव, तुम्ही चौथे," मुस्तकीम सर हसले. शहरातला त्यांचा संघ तक्त्यात पहिला होता. "कागदावर स्पष्ट आहे."

"तुमचा कागद घाट चढलाय का कधी?"

सगळे हसले. मंजुषा हसली नाही. तिने लॅपटॉप पुढे ओढला. पेठच्या ओळीत नऊ चौकटी होत्या. पाच भरलेल्या, चार कोऱ्या. चारही सामने पेठच्या मैदानावरचे होते. कमी सामने खेळलेल्या संघावर सूत्र कमी भरवसा ठेवीत असे आणि त्याला तक्त्याच्या मध्याकडे ओढीत असे. माहिती गहाळ असेल तर आधी कारण विचारा, हे ती दरवर्षी पहिल्याच तासाला सांगे. स्वतः मात्र तिने विचारले नव्हते.

"हे चार सामने का झाले नाहीत?"



"अंतर्गत परीक्षा होत्या," मुस्तकीम म्हणाले. "आम्ही पत्र दिलं होतं."

"चौघांच्याही परीक्षा, आणि नेमक्या पेठच्या सामन्यांच्या दिवशी?"

"मॅडम, एकमेकांना सांभाळून घ्यावं लागतं. न आलेल्याला कोणी पराभूत धरत नाही. पहिल्यापासून असंच आहे."

"त्या पत्रांवर मान्य म्हणून माझीबी सही हाय," नवनाथ खाली बघत म्हणाले. "भांडलो तर शहरात आम्हाला कोण खेळवणार?"

मंजुषा उठून खिडकीपाशी गेली, परत आली. चारही सामने पेठला बहाल केले, तर तेही न खेळता मिळवलेले गुण ठरतील. तक्ता दुरुस्त होण्यासारखा नव्हता.

"माझं मत प्लेऑफला," ती म्हणाली. "एका सामन्यानं फारसं सिद्ध होत नाही, हे मी अजूनही म्हणते. पण तो निदान झालेला असेल. पहिला विरुद्ध चौथा, पेठेत."

"पेठेत? आणि आम्ही नाही आलो तर?"

"तर पेठ अंतिम सामन्यात. पत्र चालणार नाही. इतिवृत्तात लिहून घ्या."

मुस्तकीमनी सर्वांकडे पाहिले, मग सही केली. नवनाथ खुर्चीवरून उठलेच होते. मैदानावर चुना मारायला माणूस लागणार होता.

खोली रिकामी झाली तरी मंजुषा बसून राहिली. सूत्र तीन वर्षांपासून वापरात होते. तिने मागच्या वर्षीचा तक्ता उघडला. पेठच्या ओळीत पाच कोऱ्या चौकटी होत्या, क्रमांक सहावा. तेव्हाची तिसऱ्या वर्षाची मुले एव्हाना पदवी घेऊन गेली होती. तिने त्याआधीचाही तक्ता उघडला.