चक्र आणि गुच्छ

कचेरीत तिच्या नवऱ्याला सगळे 'शब्दकोश' म्हणत, आणि स्वारीला तो मान वाटे! कुणी हाराला माळ म्हटलं की यांच्या कपाळाला आठी पडलीच. घरात तर बायकोनं तोंड उघडायची खोटी, चूक काढून मोकळे.

साहेब निवृत्त होत होते आणि जाता जाता आपल्या खुर्चीसाठी एक नाव सुचवणार होते. ते आपलंच असावं म्हणून शब्दकोश महिनाभर त्यांच्यापुढे लाळ घोटत होते. निरोप समारंभाच्या फुलांचं कामही त्यांनी हट्टानं मागून घेतलं.

"बुके नको, गुच्छही नको. गुच्छ काय, कुणीही देतं," त्यांनी फुलवाल्याला फोनवर बजावलं. "भारदस्त पुष्पचक्र पाठवा."

स्पीकर चालू होता. भांडी पुसता पुसता तिचा हात थांबला.

"अरेरे," फुलवाला म्हणाला. "कोण हो?"

"आमचे साहेब चालले."

"वय काय?"

"अठ्ठावन्न."

"हे काय जायचं वय आहे!"

"नियमापुढे कुणाचं चालतं?" शब्दकोश म्हणाले आणि पत्ता सांगून फोन ठेवला.

"अहो, चक्र नका..."

"अगं, शब्दांत तू नाक खुपसू नकोस. तुला त्यातलं काय कळतं?"

बरं, नाही कळत! तिनं तोंडाला कुलूप घातलं. एकदा आपटू दे तोंडावर, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

समारंभाला तीही नवऱ्याबरोबर गेली होती. तिथं दुकानाची दोन माणसं पुष्पचक्र घेऊन आली, तीही मान खाली घालून. हिरव्या पानांचं भलंमोठं कडं, पांढरी फुलं आणि फितीवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यांनी ते हळूच साहेबांच्या पायांशी टेकवलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"साहेब, हे हिनं मागवलं," शब्दकोश चाचरत म्हणाले. "हिला शब्दांतलं काही कळत नाही."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खरंय," ती उभी राहून म्हणाली. "मला आपला साधा गुच्छ ठाऊक. चक्र यांचं. गुच्छ काय, कुणीही देतं, म्हणाले."

साहेबांनी चष्मा पुसून फीत पुन्हा वाचली आणि शब्दकोशांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी तर अजून आहे," ते म्हणाले. "हे माझ्या खुर्चीवर नेऊन ठेवा. आत्ताच तिथं तुमची आशा वारली."